गाडी मागच्या सीटवरून निवडावी

सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे दोन प्रकारचे सल्लागार उगवतात. पहिला म्हणतो, "दुसऱ्याचं दुखणं कशाला विकत घेतोस? थोडे पैसे टाक आणि नवी घे." दुसरा म्हणतो, "अरे, तेवढ्याच पैशात वरच्या क्लासची गाडी येते, सनरूफवाली बघ." दोघंही मनातल्या मनात ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले असतात. माझं मत जरा वेगळं आहे. कुटुंबासाठी वापरलेली गाडी घ्यायची तर ती मागच्या सीटवर बसून निवडावी, आणि तिचं गेलेलं आयुष्य मोजण्यापेक्षा उरलेलं मोजावं. बास, एवढंच सांगायचंय. पण कारणं न देता ठोकलेलं मत म्हणजे टेस्ट न करता प्रॉडक्शनला टाकलेला कोड. तेव्हा कारणंही देतो.

निमित्त आमच्याच गाडीचं. २०१२ साली पुण्यात पासिंग झालेली डिझेल फ्रेंच सेडान. कोणती ते सांगत नाही, जाहिरात नको आणि निंदाही नको. गाडीबद्दल तक्रार शून्य. सीटा दिवाणखान्यातल्या सोफ्याला लाजवतील अशा. खड्ड्यातून गेली तरी मागे झोपलेली लेक उठत नाही. डिकी पाचशे लिटरच्या पुढची, म्हणजे दिवाळीला कोल्हापूरला जाताना चार बॅगा, फराळाचे डबे आणि येताना गुळाची ढेप, सगळं मावतं. एबीएस आणि एअरबॅग तेव्हापासून आहेत, जे बाकीच्या गाड्यांना सक्तीचं व्हायला पुढे सात ते दहा वर्षं लागली.

मग बदलायची कशाला? कारणं दोन. पहिलं कारण कागदावरचं. २०२७ मध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होतात. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, फिटनेस काढून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची. मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून थेट ५,००० रुपये झालं, शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. हे सगळं करता येतं, पण करावं का, हा प्रश्न आहे. दुसरं कारण आईचे गुडघे. सेडानमध्ये बसायचं म्हणजे खाली उतरायचं आणि उतरायचं म्हणजे वर चढायचं. गेल्या वर्षभरात आई "मी घरीच थांबते, तुम्ही जाऊन या" असं जरा जास्तच वेळा म्हणाली. तिला फिरायचा कंटाळा आलेला नाही, त्या सीटमधून उठायचा आलाय. गाडी बदलायची खरी वेळ ती. ओडोमीटरवर हे कुठेच दिसत नाही.

आता उरलेल्या आयुष्याकडे येतो. आमच्या धंद्यात एखादी लायब्ररी वापरण्याआधी आपण काय बघतो? ती किती सुंदर लिहिली आहे हे नंतर. आधी बघतो की ती अजून कोणी सांभाळतंय का, आणखी किती जण वापरताहेत आणि अडलो तर विचारायचं कोणाला. गाडीचंही तसंच आहे. भारतात फ्रेंच गाड्यांचा इतिहास याबाबतीत फार बोलका आहे. नव्वदच्या दशकात प्रीमियरबरोबरच्या भागीदारीत कल्याणला प्यूजो ३०९ बनायची. काही वर्षांतच ती भागीदारी मोडली आणि ज्यांनी हौसेने ती घेतली होती ते पार्ट शोधत फिरले. २००७ मध्ये महिंद्र आणि रेनो यांनी मिळून लोगन आणली, नाशिकला बनायची. २०१० मध्ये रेनो त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि २०११ मध्ये तीच गाडी महिंद्रची व्हेरिटो झाली. गाडी तीच, पण बॅज बदलला, आणि बॅजबरोबर गिऱ्हाइकाच्या मनातली किंमतही बदलली.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. रेनोचं के-नाइन-के नावाचं दीड लिटरचं डिझेल इंजिन घ्या. लोगनमध्ये तेच, फ्लुएन्समध्ये तेच, डस्टरमध्ये तेच, आणि निस्सानच्या सनी आणि टेरानोमध्येही तेच. डस्टर भरपूर खपली, त्यामुळे या इंजिनाचं काम कोळून प्यायलेले फिटर आजही गावोगाव सापडतात. म्हणजे कमी खपलेल्या गाडीचंसुद्धा इंजिन जगतं. अडतं ते टेललॅम्प, बंपर, दाराची काच यांच्यापाशी, कारण ते फक्त त्याच मॉडेलचे असतात. वापरलेली गाडी घेताना "इंजिन मस्त आहे" यावर समाधान मानू नका. "उद्या मागून कोणी ठोकली तर मागचा दिवा किती दिवसांत मिळेल?" हा प्रश्न आपल्या नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांना विचारा. ते क्षणभर थांबले, डोकं खाजवलं, की समजून जा. :-)

आता मागच्या सीटचा मुद्दा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ झालेला सायरस मिस्त्री यांचा अपघात आठवत असेल. गाडी महागडी, एअरबॅग भरपूर. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर महिनाभर सगळीकडे मागच्या पट्ट्याची चर्चा झाली, आणि मग आपण नेहमीप्रमाणे विसरलो. आता आपल्या घरातलं चित्र बघा. पुढे नवरा-बायको, मागे आजी, मूल, क्वचित मावशी. म्हणजे घरातली सगळ्यात नाजूक माणसं मागे, आणि गाडी निवडताना सगळं लक्ष पुढे: टचस्क्रीन केवढा, स्टिअरिंगवर बटणं किती, पिकअप कसा. हे उलटं आहे.

म्हणून गाडी बघायला गेलो की मी आधी मागे बसतो. मधल्या माणसाला तीन टोकांचा पट्टा आहे की नुसता कमरेचा? त्याला हेडरेस्ट आहे का? बाळाची सीट लावायला आयसोफिक्सचे हुक आहेत का? पट्ट्यांची कुलुपं सीटच्या फटीत गाडली गेलीत का? (सीट कव्हर घालणारे हे काम अगदी मन लावून करतात.) पट्टे पूर्ण बाहेर ओढून बघा, परत नीट आत जातात का ते कळतं. याला पाच मिनिटं लागतात, आणि विकणारा तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतो. बघू दे.

आणि मग तारखा. वापरलेल्या गाडीच्या बाजारात "मॉडेल कोणतं" याइतकंच "कधीचं" महत्त्वाचं, कारण आपल्याकडे सुरक्षेचे नियम टप्प्याटप्प्याने आले. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, पट्ट्याची घंटी आणि मागचे पार्किंग सेन्सर. समोरून आणि बाजूने धडकवून बघण्याच्या चाचणीचे नियम नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून होते, बाजारात आधीपासून असलेल्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. एप्रिल २०२० पासून बीएस-६. शेजारच्या सीटची एअरबॅग जानेवारी २०२२ पासून सगळ्यांना. म्हणजे २०१८ ची आणि २०२० ची गाडी बाहेरून जुळी दिसली तरी आतून वेगळ्या असू शकतात. माझी चाळणी साधी आहे: ऑक्टोबर २०१९ नंतर बनलेली, आणि दोन्ही एअरबॅग असलेलं व्हेरिअंट. यात अर्धा बाजार बाद होतो, आणि डोकं शांत होतं.

ताऱ्यांबद्दलही थोडं. ग्लोबल एनकॅप २०१४ पासून भारतीय गाड्या आपटून बघतंय, आणि आपलं स्वतःचं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं. पण पाच तारे म्हटल्यावर डोळे मिटू नका. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये परीक्षा अवघड केली, त्यामुळे २०१८ चे पाच तारे आणि २०२३ चे पाच तारे सारखे नाहीत. शिवाय मोठ्यांचे तारे वेगळे, मुलांचे वेगळे. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये मोठ्यांसाठी पाच मिळाले, मुलांसाठी तीन. एक्सयूव्ही-३०० ला जानेवारी २०२० मध्ये पाच आणि चार. चौथ्या पिढीच्या होंडा सिटीला २०२२ मध्ये चार आणि चार. स्लाव्हिया आणि व्हर्टस यांना २०२३ मध्ये, नव्या अवघड परीक्षेत, पाच आणि पाच. जाहिरातीत मोठ्यांचे तारेच मोठ्या अक्षरात असतात. घरात सहा वर्षांची लेक असेल तर दुसरा आकडा शोधून वाचायचा.

डिझेल की पेट्रोल? गेली काही वर्षं डिझेल चालवल्यावर मन तिकडेच ओढतं, म्हणून हिशेब मांडला. आमचं रनिंग वर्षाला ९,००० किलोमीटर. डिझेलला १८ चं ॲव्हरेज धरलं तर ५०० लिटर, पेट्रोलला १३ चं धरलं तर साधारण ६९० लिटर. डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये धरा: वर्षाला ४५,००० विरुद्ध ७२,००० रुपये. फरक २७,००० चा, म्हणजे कमी नाही. पण बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. रोज घर ते हिंजवडी, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, या वापरात तो चोंदतो आणि बदलायचा तर खिसा रिकामा होतो. वर डिझेल सेडान तर बाजारातून गेल्यातच जमा: मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल सोडलं, सिटी आणि व्हर्ना यांची डिझेल इंजिनं २०२३ मध्ये बंद झाली. उरलेल्या आयुष्याचा विचार केला तर कमी रनिंगवाल्याने पेट्रोलच घ्यावं. तिथेही एक मेख आहे. २०२५ पर्यंत जवळपास सगळ्या पंपांवर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं, आणि त्याला चालतील असे रबरी भाग वगैरे एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आहेत. त्याआधीची गाडी घेताना कंपनीचं त्या मॉडेलबद्दल काय म्हणणं आहे ते बघा, ॲव्हरेज थोडं कमी धरा आणि इंधनाचे पाइप तपासून घ्या.

"पण मग नवीच का नाही?" हा प्रश्न रास्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्याने नव्या गाड्या खरंच स्वस्त झाल्या. कोणी छोटी नवी हॅचबॅक घेत असेल तर मी नाही म्हणणार नाही. पण पाच माणसं, गुडघे, लहान मूल आणि घाटरस्ता यासाठी लागते ती नवी गाडी अजूनही आमच्या आठ लाखांत बसत नाही, आणि पाच वर्षांचा हप्ता मला नको. आयटीत गेल्या काही वर्षांत काय चाललंय ते तुम्हाला मी सांगायला नको. घराचा एक हप्ता आहे तो पुरे. या जीएसटीचा वापर मात्र भाव करताना करा. विकणारा "नवी केवढ्याला पडते माहितीय का?" म्हणून जुनी किंमत सांगतो. तुम्ही आजची ऑन-रोड किंमत खिशात घेऊन जा.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर नवी घ्यायची असती आणि सोसायटीत चार्जर असता तर तीच घेतली असती. वापरलेली घेताना बॅटरीचं उरलेलं आयुष्य नेमकं सांगणारा माणूस कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये भेटायला अजून वेळ आहे.

बजेटबद्दल माझा एक नियम. आठ लाख असतील तर गाडी सातचीच बघायची. उरलेला एक लाख पहिल्या वर्षाचा: टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट असेल तर तो, सस्पेन्शनची बुशिंग, सगळी ऑइलं आणि विमा. विमा महत्त्वाचा, कारण नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकणारा तो आपल्याबरोबर घेऊन जातो आणि तुमचा हप्ता अचानक वाढतो.

तपासणी कशी करावी यावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी सहसा राहून जाणारं तेवढंच सांगतो. ओडोमीटर मागे फिरवणं सोपं असतं, त्यामुळे आकड्यावर न जाता पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि सर्व्हिसची बिलं एकमेकांशी जुळतात का बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २५ हजार किलोमीटर पळालेल्या गाडीला चारही नवे टायर असतील तर का ते विचारा. पुरातली गाडी ओळखायला शिका. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, आणि अशा गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या शहरात विकायला येतात. सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा चिखल, स्टेपनीच्या खड्ड्यातली रेघ आणि पट्टा पूर्ण ओढल्यावर त्याच्या टोकाला दिसणारा मातकट डाग, या चार जागा सहसा खोटं बोलत नाहीत.

परराज्यातल्या पाटीची गाडी स्वस्त दिसते. दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला बंदी घालणारा आदेश २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, २०२५ मध्ये त्यात सवलत दिली. मधल्या काळात तिथल्या खूप गाड्या बाहेर आल्या. पण एनओसी, नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरला की स्वस्ताई विरघळते.

कागदांच्या बाबतीत तर मी पक्का कारकून होतो. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलान थकलंय का. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटी बसवली का. फास्टॅग कोणाच्या नावावर. यातलं बरंचसं फोनवर दहा मिनिटांत दिसतं.

याची दुसरी बाजू म्हणजे आपली जुनी गाडी विकणं, आणि इथे भलेभले गाफील असतात. एजंट म्हणतो, "सर, सह्या करून द्या, ट्रान्सफर मी बघतो." गाडी जाते, पैसे येतात, आणि आरसीवर नाव आपलंच राहतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की गाडी पुढे विकली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. म्हणजे कुठल्या तरी अनोळखी माणसाने कुठल्या तरी हायवेवर केलेला अपघात तुमच्या दारात येऊ शकतो. आमची सेडान जाईल ती नाव बदलल्याचा मेसेज आल्यावरच पूर्ण गेली असं मी धरणार आहे. भाव चार पैसे कमी आला तरी चालेल.

तर या सगळ्या चाळण्यांतून काय उरलं? सुरुवातीला मी मनातून पाचव्या पिढीच्या सिटीच्या बाजूने होतो. डिकी मोठी, चालवायला मजा, आणि खरं सांगायचं तर सेडानची सवय. मग आम्ही प्रत्येक गाडीत आईला दहा मिनिटं बसवलं, चढ-उतार तीनदा करायला लावली. "कशी वाटते?" विचारलं तर आई सगळ्यालाच "छान आहे" म्हणते, म्हणून विचारायचं नाही, बघायचं. उतरताना हात कुठे जातो: दाराच्या मुठीकडे, पुढच्या सीटकडे की माझ्या खांद्याकडे. उंच गाडीतून ती कुठेही हात न लावता उतरली. निकाल लागला.

ठरली ती २०२१ ची पेट्रोल एक्सयूव्ही-३००, फर्स्ट ओनर, पुण्याचीच पाटी. मधल्या सीटला पूर्ण पट्टा आहे, मुलांचे तारे चार आहेत. २०२४ मध्ये हे नाव बंद झालं, पण त्याच सांगाड्यावरची थ्री-एक्सओ त्याच वर्षी आली, म्हणजे ही ओळ सांभाळणारं कोणीतरी आहे. गंमत अशी की लोगन ज्या नाशिकच्या कारखान्यात बनायची तिथेच हीसुद्धा बनली. डिकी मात्र २५७ लिटरची, म्हणजे आमच्या सेडानच्या निम्मी. बायकोने आत्ताच सांगून टाकलंय की दिवाळीला बॅगा दोनच. मलाही सेडानचा तो हायवेवरचा गालिच्यासारखा प्रवास आठवत राहील. त्या बाबतीत ही गाडी खालचीच आहे, उगाच खोटं कशाला बोला.

पण तो गालिचा मुख्यतः मला आवडायचा. गाडी घरातल्या सगळ्यांची असेल तर चालवणाऱ्याच्या आवडीला एक मत मिळावं, नकाराधिकार नाही. तुमच्या घरीही कोणी अलीकडे "तुम्ही जाऊन या" असं वरचेवर म्हणत असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी एकदा आपल्याच गाडीत मागे बसून बघा.